राहदारी आणि रहदारी : खानदेशच्या वाटेवरचा रखवालदार

‘रहदारी’ हा शब्द आपण रोज वापरतो. रस्त्यावर रहदारी फार आहे, रहदारीला अडथळा करू नये, रहदारीचे नियम पाळावेत, असे आपण म्हणतो आणि लिहितो. पण हा शब्द मूळचा कोणाचा, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो फारसीतून आला आहे. ‘राह’ म्हणजे वाट आणि ‘राहदार’ म्हणजे वाट राखणारा माणूस. त्याचे काम ती राहदारी. आणि त्या कामाबद्दल वाटसरूकडून जे घेतले जाई, तीही राहदारीच. म्हणजे पाहा, आज ज्या शब्दाने आपण धावणाऱ्या मोटारी, ट्रक, फटफट्या दाखवतो, तो शब्द एके काळी रस्त्यावर उभ्या असलेल्या रखवालदाराचा होता. जाणारा आणि राखणारा हे दोघेही त्या एका शब्दात बसलेले आहेत.

आज मात्र रस्त्यावर या दोघांचे सूत फारसे जमलेले दिसत नाही. जळगावच्या आकाशवाणी चौकात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सकाळी दहाच्या सुमारास घटकाभर उभे राहा. पांढऱ्या सदऱ्यातला पोलीस दिसला की मोटारसायकलवाला आधी ब्रेक दाबतो आणि मग शेजारची गल्ली शोधतो. पोलिसाच्या मनात येते, ‘हा गल्लीत वळला, म्हणजे याच्याजवळ काहीतरी कमी आहे.’ आणि मोटारसायकलवाल्याच्या मनात येते, ‘हा उभा आहे, म्हणजे आज खिशाला चाट आहे.’ दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोललेला नसतो. तरी दोघांचा निकाल आधीच लागलेला असतो. हे असे का व्हावे? केवळ आजच्या माणसांचा स्वभाव बिघडला म्हणून, असे मला वाटत नाही. या दृष्टीमागे बराच जुना इतिहास आहे, आणि तो आपल्या खानदेशात चांगला पाहायला मिळतो. आज तोच आपण थोडा उलगडून पाहू.

खानदेश हा पहिल्यापासून वाटांचा मुलूख. सुरतेच्या बंदरातून माल निघे, तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या काठाकाठाने बुऱ्हाणपूरला आणि तेथून उत्तरेकडे आग्र्याला जाई. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ साली याच मुलखातून बुऱ्हाणपुरास गेला. पीटर मंडी हा दुसरा इंग्रज १६३० साली, त्या भयंकर दुष्काळाच्या दिवसांत, याच बाजूने गेला. अशा वाटेवर व्यापारी एकटादुकटा जात नसे, तांडे निघत. आणि वाटेत ठिकठिकाणी राहदार बसलेले असत. मालाची, बैलांची मोजदाद करून ते पैसे घेत आणि पुढच्या टप्प्यापर्यंत जिवाची आणि मालाची हमी देत. निदान तसा करार असे. प्रत्यक्षात पैसे सगळेच घेत. हमी मात्र सगळेच पाळत असे नव्हे. राहदारीचा जाच इतका वाढला की औरंगजेबाने राज्यावर आल्यावर थोड्याच काळात तो कर माफ केल्याचे फर्मान काढले. पण फर्मान दिल्लीत निघते आणि नाका असतो रानात. ठिकठिकाणचे अंमलदार आणि जमीनदार राहदारी वसूल करीतच राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या रखवालदाराला सरकारकडून दरमहा पगार मिळत नसे. त्याचे पोट वाटसरूच्या खिशावर होते. त्यामुळे वाटसरूने त्याच्याकडे कधी ‘आपला रक्षक’ म्हणून पाहिले नाही; ‘वाटेवरचा घेणेकरी’ म्हणूनच पाहिले. आणि रखवालदारानेही वाटसरूला माणूस म्हणून न पाहता, ‘याच्याकडून काय निघेल’ याच नजरेने पाहिले. नाक्यावर थांबणे म्हणजे काहीतरी देऊन सुटणे, हा धडा आपल्या लोकांनी पुष्कळ पिढ्या गिरवला आहे. असा धडा केवळ कायदा बदलल्याने पुसला जात नाही.

त्यात आणखी एक भानगड होती. ज्याच्याजवळ वरचा परवाना, त्याला राहदारी माफ. असल्या परवान्याला ‘दस्तक’ म्हणत. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी या दस्तकांचा एवढा गैरवापर केला की त्यातून नवाबाशी भांडण जुंपले, हे शिक्षकबंधूंना ठाऊकच आहे. कंपनीच्या नावाची चिठ्ठी दाखवली की नोकराचा खाजगी मालही फुकट सुटे आणि देशी व्यापाऱ्याला तेवढ्याच मालावर जकात पडे. नियम एक, पण ओळख असेल त्याला वेगळा आणि नसेल त्याला वेगळा. हे दस्तक प्रकरण लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता १८१८ सालात येऊ. पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. त्या वेळी या मुलखाची दशा वाईट होती. १८०२ पासूनच्या लष्करांच्या धावण्या, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आणि पुढे पेंढाऱ्यांचा धुमाकूळ, यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे खानदेशचा कारभार आला. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि तेथे नवी पेठ वसवली. पण पेठ वसवून भागत नाही. पेठेला येणारी वाट सुरक्षित नसेल तर व्यापारी येणार कोठून?

वाट कोण अडवीत होते? इंग्रजी कागदपत्रांत उत्तर एकच सापडते : भिल्ल. पण हे उत्तर अर्धे आहे. भिल्ल हे या मुलखातले पूर्वापारचे जागले. गावाची राखण करायची, चोराचा माग काढायचा, घाटातून वाटसरूला पार करून द्यायचे, हे त्यांचे काम. आणि त्याबद्दल गावाकडून, वाटेकडून हक्क घ्यायचा, ही रीत होती. धामधुमीच्या काळात हे हक्क बुडाले. राखणाऱ्याचे पोट बंद झाले आणि तो डोंगरात गेला. ज्याला वाट राखता येते, त्याला ती अडवताही येते. कालचा रखवालदार आज लुटारू ठरला, त्यामागे उपासमार होती, हे आपण विसरू नये.

इंग्रजांनी आधी फौजा पाठवल्या. डोंगरात हिवताप आणि बाहेर उन्हाळा, यांत पुष्कळ शिपाई गेले, पण वाट मोकळी झाली नाही. मग एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ साली, नवा उपाय ठरला. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन केल्या आणि भिल्लांचीच एक पलटण उभारायचे ठरले. हे काम जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे आले. त्याने ठाणे केले ते आपल्या धरणगावी. सुरुवातीला कोणी भरती होईना. गोऱ्या साहेबाने एकत्र जमवून कापून काढले तर काय घ्या, अशी भीती लोकांच्या मनात होती, आणि ती उगीच नव्हती. औट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, पहारेकऱ्यावाचून त्यांच्यात झोपला. हळूहळू माणसे आली. त्यांना ठरलेला पगार मिळू लागला, अंगावर पोशाख आला. औट्रमच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. ही नवी भिल्ल पलटण छावणीत आली, तेव्हा नियमित पलटणीतल्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांना आपल्यात बसवून घेतले आणि पानसुपारी दिली. त्या एका पानाने जे काम झाले, ते तोफेने झाले नसते.

मी काही इंग्रजांची स्तुती करण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना आपला वसूल हवा होता, म्हणून त्यांना शांतता हवी होती. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातले मर्म ओळखले पाहिजे. रखवालदाराचे पोट वाटसरूच्या खिशावरून सरकारी पगारावर आले, आणि त्याला चार माणसांत मान मिळाला, तेव्हा वाट मोकळी झाली.

पण मोकळी झाली ती सगळीकडे नव्हे, आणि कायमची तर नव्हेच. मुंबई-आग्रा रस्ता मालेगाव, धुळे, सोनगीर, शिरपूर, पळासनेर असा जातो आणि बिजासनच्या घाटाने सातपुडा चढून सेंधव्याला उतरतो. या घाटाच्या रखवालीवर खाज्या नाईक होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव काजरसिंग असे येते. त्याचा बाप गुमान नाईक, तोही याच वाटेचा रखवालदार. खाज्याने अनेक वर्षे ही वाट चोख राखली. पुढे त्याच्या हातून एक चोरीचा संशयित मार खाऊन मेला. त्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या वागणुकीबद्दल तो मुदतीआधी सुटला आणि १८५७ ची गडबड सुरू झाल्यावर सरकारने त्याला पुन्हा त्याच वाटेवर नेमले, कारण ती वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. पण थोड्याच दिवसांत तो उठला. भीमा नाईकही त्याच्याबरोबर होता. त्या साली सेंधव्याच्या घाटात सुमारे सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पुढे १८६० साली खाज्या नाईक दग्याने मारला गेला.

आज आपण त्याला स्वातंत्र्याच्या लढ्यातला वीर म्हणून मानतो, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत. पहिली, वाटेवरच्या रखवालदाराच्या हाती चौकशीवाचून मारण्याची सत्ता आली की शेवटी एखाद्याचा जीव जातो, आणि रखवालदाराचाही घात होतो. दुसरी, ज्याने आयुष्यभर तुमची वाट राखली, त्याला तुम्ही केवळ गरजेपुरता वापरला, तर तो मनाने तुमचा राहत नाही. शासन आणि रखवालदार यांच्यातली ही तेढ शेवटी वाटेवरच उतरते.

यानंतरचा काळ झपाट्याने बदलला. १८६० च्या दशकात आगगाडी आली, आणि चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही गावे पुढे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिल्ल पलटण जिल्हा पोलिसांत मिसळून गेली. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. पोलिसांना पगार मिळत होता खरा, पण तो तुटपुंजा. लॉर्ड कर्झनच्या वेळी, १९०२-०३ साली, सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. पोलीस दल अपुऱ्या शिक्षणाचे असून लोक त्याला लाचखाऊ आणि जुलमी समजतात, असा त्या सरकारी आयोगाचाच निष्कर्ष होता. म्हणजे नाव बदलले, पोशाख बदलला, पण लोकांच्या मनातला जुना राहदार तेथेच उभा होता.

आणि मग मोटार आली. १९१४ साली सबंध हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा झाला. गाडी नोंदवली पाहिजे, चालवणाऱ्याजवळ परवाना पाहिजे, अठरा वर्षांखालील मुलाने चालवू नये आणि पोलिसाने हात दाखवला तर थांबले पाहिजे, असे त्यात होते. पण थांबवणार कोण आणि कोणाला? त्या वेळी मोटार असे कलेक्टरकडे, एखाद्या गिरणीमालकाकडे, मोठ्या वकिलाकडे. पोलीस मोटारीला थांबवीत नसे, सलाम करीत असे. हटकायचे ते बैलगाडीवाल्याला. ‘ए, बाजूला घे! कंदील कुठे आहे?’ गाडीवान बिचारा बैल बाजूला घेई आणि मोटारीची धूळ खाई. त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. कायदा हा गाडीच्या किमतीप्रमाणे चालतो.

मग खाजगी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. ती गंमत जुन्या माणसांकडून ऐकावी. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही. आत माणसे, वर गाठोडी आणि गाठोड्यांवर पुन्हा माणसे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालल्या. १९३९ साली नवा मोटार कायदा आला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस. टी. धावली, आणि काही वर्षांत ती खानदेशातल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोचली. आता ड्रायव्हर हा साहेब राहिला नाही. तो पगारी नोकर झाला, किंवा दुसऱ्याचा ट्रक हाकणारा कष्टकरी झाला. पोलिसाने आता सलाम करायचे सोडले आणि शिट्टी फुंकायला सुरुवात केली. रात्रभर जागून केळीचा ट्रक रावेर-सावद्याहून उत्तरेला नेणाऱ्या माणसाला वाटेत किती ठिकाणी हात दाखवला जातो, हे त्यालाच विचारावे.

त्याच सुमारास सायकलींचा काळ होता. दिवा नाही, डबलसीट आहे, नगरपालिकेचा बिल्ला लावला नाही, की पोलीस चाकाची हवा सोडून देई. आज साठी ओलांडलेल्या खूप शिक्षकांना ते आठवत असेल. हवा सोडणे ही कायद्यात सांगितलेली शिक्षा नव्हती. पण कोर्टात जाण्यापेक्षा पोलिसाला ती सोपी वाटे, आणि मुलालाही दंडापेक्षा ती स्वस्त पडे. दोघांनी मिळून कायद्याला बगल दिली आणि दोघेही खूष! अशा गमतीतूनच सवय लागते, की नियम हा पाळायचा नसतो, निभवायचा असतो.

आज दारोदार मोटारसायकल आहे. पूर्वी मोटारवाला वेगळा आणि आपण वेगळे असे म्हणता येत होते. आता आपणच मोटारवाले आहोत. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. शिरस्त्राण न घालण्याबद्दल पूर्वी शंभर रुपयांपर्यंत दंड होता, तो हजार झाला. विनापरवाना गाडी चालवण्याचा पाचशेचा पाच हजार झाला. दारू पिऊन पहिल्यांदा चालवण्याबद्दलचा दोन हजारांचा दहा हजारांपर्यंत गेला. दंड फार जड होतात म्हणून आपल्या राज्याने प्रथम ही वाढ रोखून धरली, आणि काही रकमा कमी करून डिसेंबर २०२१ पासून ती लागू केली. आता चलनही कागदाचे राहिले नाही. पोलीस दुरून फोटो घेतो आणि दंडाचा निरोप मोबाईलवर येतो. यात हातात पैसे द्यायचे काम उरत नाही, हे फार चांगले झाले. पण बोलणेही उरले नाही. चूक काय झाली हे सांगायला कोणी नाही, आणि चूक झाली नसेल तर ऐकायलाही समोर कोणी नाही. महिना-दोन महिन्यांनी शेतकऱ्याला कळते, की आपल्या नावावर तीन चलने पडली आहेत. त्याला वाटते, राहदार आता दिसेनासा झाला, पण राहदारी चालूच आहे.

वाचकहो, आता मी माझीच एक गोष्ट सांगतो. ती माझ्या मोठेपणाची नाही. काही वर्षांपूर्वी मी कॉलेजला जाताना एका चौकात मला हात दाखवला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. ते घरी खुंटीवर होते. पोलिसाने चेहरा पाहिला आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही? जा सर, जा.’ तो माझा जुना विद्यार्थी निघाला. मी हसलो, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली आणि गाडी सुरू केली. माझ्या मागे धोतर नेसलेला एक म्हातारा होता. गाडीला दुधाच्या दोन किटल्या. त्यालाही थांबवले होते. निघता निघता त्याचे शब्द माझ्या कानावर पडले, ‘साहेब, मी काय चोर शे का?’ आणि माझ्या विद्यार्थ्याचे उत्तरही ऐकू आले, ‘बाबा, नियम सर्वांना सारखा आहे.’

त्या दिवशी वर्गात मला नेमका बंगालमधल्या दस्तकांचा भाग शिकवायचा होता. मी खडू हातात घेतला, आणि बराच वेळ फळ्यावर काही लिहू शकलो नाही. कंपनीच्या नोकराची चिठ्ठी आणि माझा चेहरा यांत फरक तो काय? मी दस्तक दाखवून सुटलो होतो आणि त्या म्हाताऱ्याने राहदारी भरली होती.

पुढे तो विद्यार्थी घरी आला, तेव्हा मी विषय काढला. तो म्हणाला, ‘सर, मे महिन्यात आम्ही रस्त्यावर उभे असतो, तेव्हा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. दिवसाकाठी शंभर माणसे थांबवली, तर त्यातली निम्मी आधी फोन लावतात. याला विचारा, त्याला विचारा. ज्याला फोन लावायला कोणी नसतो, त्याच्याशीच आम्हांला नियमाने वागता येते. आम्हांला काय ते चांगले वाटते?’ त्याच वर्गातला, त्याच बाकावर बसणारा दुसरा एक मुलगा आज केळीचा ट्रक चालवतो. तोही कधीमधी भेटतो. तो म्हणतो, ‘सर, कागद सगळे पुरे असले तरी हात दाखवला की छातीत धस्स होते. चांगले बोलणारे भेटतात, नाही असे नाही. पण भेटेपर्यंत कळत नाही, की हा कुठला आहे.’ एका बाकावरची दोन पोरे! एकाला वाटते समोरचा खोटा, दुसऱ्याला वाटते समोरचा घेणारा. कदाचित रात्री कुठल्याशा नाक्यावर दोघे समोरासमोर येतही असतील, आणि दिव्याच्या झोतात एकमेकांना ओळखतही नसतील.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण येथे जिवाशी गाठ आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ मध्यरात्रीच्या सुमारास पपईने भरलेला ट्रक उलटला. त्या मालावर बसून मजूर घरी निघाले होते. बायका होत्या, मुले होती. किमान पंधरा जीव गेले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, म्हणजे खाज्या नाईक ज्या घाटाची राखण करी त्याच्याच पायथ्याशी, ताबा सुटलेला मोठा कंटेनर ट्रक वाहनांना धडकून रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे जागच्या जागी संपली. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ एकट्या महाराष्ट्रात. देशातल्या मृतांपैकी शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. पेंढाऱ्यांनी आपल्या मुलखात केला असेल त्यापेक्षा मोठा संहार हा आहे, आणि तो आपण आपल्याच हाताने चालवला आहे.

किनगावचा तो प्रसंग मनात आणून पाहा. मालाच्या ट्रकवर माणसे बसवणे हा गुन्हा आहे, हे ड्रायव्हरला ठाऊक असते, मजुरांना ठाऊक असते, पोलिसालाही ठाऊक असते. असा ट्रक वाटेत कोणी थांबवला, तर ट्रकवरची माणसेच काय म्हणतील? ‘साहेब, जाऊ द्या, घरी पोरं वाट पाहताहेत.’ आणि थांबवणारा पोलीस आपल्याला छळवादी वाटेल. पण त्या क्षणी त्याचा तो उगारलेला हात हाच या माणसांचा खरा रखवालदार असतो. त्याने तो हात काही घेण्यासाठी उगारला, की वाचवण्यासाठी, हा संशय मात्र आपल्या मनातून जात नाही. तो संशय जावा, ही जबाबदारी आधी त्या हाताची आहे. ज्या नाक्यावर पावतीवाचून पैसा घेतला जातो, तेथे पुढच्या शंभर प्रामाणिक शिपायांची पत बुडते. पण दुसऱ्या बाजूची जबाबदारी आपली आहे. पावती नको, काय ते कमी करा, असे म्हणणारे ओठ आपलेच असतात.

तेव्हा करायचे काय? मी इतिहासाचा मास्तर. उपाय सांगण्याचा माझा अधिकार थोडा. पण जुन्या अनुभवावरून चार गोष्टी सांगता येतील. गणवेशातल्या पोलिसाने परवाना मागितला, तर तो दाखवणे हे आपले कायद्याचे कर्तव्य आहे. आता तो मोबाईलवरच्या सरकारी डिजिलॉकरमध्येही चालतो. दंड भरला, तर पावती मागणे हा आपला हक्क आहे. चलन चुकीचे वाटले, तर तक्रार करण्याची आणि कोर्टात जाण्याची वाट खुली आहे. अपघातातल्या माणसाला जो मदत करील, त्याला पोलिसांनी किंवा कोर्टाने विनाकारण गुंतवू नये, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिले आहे. हे गावोगाव सांगितले पाहिजे, कारण पोलिसांच्या लचांडाच्या भीतीनेच लोक तडफडत्या माणसाला सोडून पुढे जातात. उसाच्या, कापसाच्या ट्रॉलीला मागे चकाकती पट्टी लावणे हे तर आपल्याच हातचे आहे. त्यासाठी पोलिसाची वाट कशाला पाहावी?

शिक्षकबंधूंना मला आणखी एक विनंती करायची आहे. नववी-दहावीतली मुले शाळेत गाडीवर येतात. त्यांच्या बापाला त्याचे कौतुक असते. आजच्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, हे पालकसभेत सांगा. पण नुसती भीती घालू नका. एखाद्या दिवशी चौकातल्या पोलिसाला शाळेत बोलवा. त्याला भाषण करू देऊ नका. मुलांना प्रश्न विचारू द्या. आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एखाद्या ट्रक ड्रायव्हरला बोलवा, एस. टी. च्या ड्रायव्हरला बोलवा. रात्री समोरून झोत आला, की काय दिसते, हे त्याच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. दोघांची बाजू ज्याने लहानपणी ऐकली, तो मोठेपणी कुठल्याही बाजूला उभा राहिला, तरी समोरच्याला चोर समजणार नाही.

औट्रमच्या वेळच्या त्या पानसुपारीची गोष्ट मी सांगितली. ज्यांना सगळे जग लुटारू म्हणत होते, त्यांना कोणी आपल्यात बसवून घेतले आणि वाट मोकळी झाली. आज चौकात उभ्या असलेल्या शिपायाला आपण पान द्यावे, असे माझे म्हणणे नाही. त्याचा भलताच अर्थ होईल! पण उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायला काही हरकत नाही. आणि त्यानेही धोतरवाल्या म्हाताऱ्याला ‘ए’ न म्हणता ‘बाबा’ म्हणावे, आणि कोटवाल्या प्रोफेसराला ‘जा सर’ न म्हणता ‘सर, पावती घ्या’ म्हणावे.

माझे शिरस्त्राण हल्ली खुंटीवर नसते. त्या चौकात तो विद्यार्थी आता नाही, बदली झाली. पण तेथून जाताना मी गाडी थोडी हळू करतो. तो दुधवाला म्हातारा मला पुन्हा कधी दिसला नाही. दिसला असता, तर त्याच्या दंडाचे निम्मे पैसे मी देणे लागतो, एवढे त्याला सांगितले असते.